चंद्रीनं आणलेली हाडं

प्रिय तात्या,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. काल लोणी भापकरला एका आजारी गाईकडं गेले होते. गोठ्याबाहेरच तो आवाज ऐकला. कर्र... मग शांत. पुन्हा कर्र. गाय हाड चघळत होती. जनावरांची डॉक्टर मी, आणि पेटी हातात धरून दारातच उभी राहिले. आत तुम्ही बसला असाल, असं वाटलं! तुम्हाला द्यायचं एक उत्तर राहून गेलंय. म्हणून हे पत्र.

आठवतो त्र्याण्णवचा उन्हाळा? उसाचं गळीत संपून तुमचं साखर कारखान्यातलं काम बंद होतं, आणि मी कॉलेजच्या सुट्टीत भवानीनगरला आले होते. चंद्री, तुमची लाडकी गाय, सगळा हंगाम नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर जगलेली. हिरवंगार वाडं बघून तुम्ही खूश. गाय मात्र खंगत चाललेली. भिंत चाटायची. आईची चप्पल चावायची.

मग एका दुपारी तिनं दावं तोडलं आणि ओढ्याकडं निघून गेली. परतली ती तोंडात जुनं, मातकट हाड घेऊन. तुम्ही लिंबाखाली बाजेवर पडला होता. ती सरळ आली आणि ते हाड तुमच्या उशाशी टाकलं.

तुमचा पांढराफटक चेहरा मी विसरलेले नाही. "हिला ती जागा कुणी दावली?"

"कुठली जागा?" मी विचारलं. आईनं डोळ्यांनीच गप्प केलं मला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही! तुम्ही नवं दावं आणलंत, दुहेरी गाठ मारलीत, तरी ऐन दुपारी ती सुटायचीच. शेजारच्या कोंडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सोपानराव, तुमचा म्हातारा काय तरी सांगतोय. ऐका त्येचं."

तेव्हापासून तुमचं जेवण सुटलं. चंद्रीसमोर उकिडवे बसून तुम्ही वारलेल्या वडिलांशी बोलावं तसं पुटपुटायचात, "आबा, चुकलं माजं." आणि तात्या, ती हाड चघळणं थांबवायची! मान वळवून तुमच्याकडं एकटक बघत राहायची. भर उन्हात माझ्या अंगावर काटा यायचा.

मला भीती वाटली, आणि भीती लपवायला मी शहाणपण काढलं. "वाड्यात फॉस्फरस नसतो, हाडात असतो. जे अंगात कमी पडतं, ते जनावर शोधत फिरतं. यात आबा कुठून आले? रोज बुद्धवंदना म्हणता, आणि हे काय?" का नाही मला खडसावलंत?

बारामतीहून मी खनिज मिश्रणाची पिशवी आणली. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं 'हाडांची भुकटी' तुम्ही वाचलंत, पिशवी उचललीत आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवलीत. "पोरी, जे आमी सोडलं, त्येच तू इकत आणलंस व्हय?"

मला तेव्हाही पुरतं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बारामतीला जाऊन दगडातल्या फॉस्फरसचं, हाडं नसलेलं मिश्रण शोधून आणलं. रोज भुश्यात कालवून दिलं. वाडं कमी केलं, कडबा आणि लसूणघास सुरू केला. महिना व्हायच्या आत चंद्रीनं भिंत चाटणं सोडलं. एका दुपारी दावं सुटलेलं होतं आणि ती जागेवर रवंथ करत बसली होती.

त्या दुपारी तुम्ही ओढ्याकडं निघालात. मी मागोमाग आले. मागच्या पावसाळ्यातल्या पुरानं काठ खाल्ला होता आणि मातीतून हाडं डोकावत होती.

"हितं आबा मेलेली ढोरं सोलायचे," तुम्ही म्हणालात. "मी पाय धरायचो. मग वस्तीनं ठरवलं, आता मेलेलं ढोर वडायचं न्हाय, मानानं जगायचं. आबांनी सुरी ओढ्यात टाकली. त्या साली घरात दाना न्हवता. मी लपून हितनं हाडं गोळा केली, इकली आन आईला पीठ दिलं. पैसं सापडलं म्हनून सांगितलं. आबांनी त्येच्या भाकरी खाल्ल्या, सुजे! त्यास्नी कधी कळू दिलं न्हाय मी. ते गेले तसंच."

तुम्ही माझ्याकडं बघत होतात. आणि मी काय म्हणाले? "चला, ऊन लागेल."

पुढं तुम्ही जाईपर्यंत तो विषय आपण कधीच काढला नाही.

तात्या, उत्तर हे होतं. चंद्री त्या जागी गेली ती भुकेपायी. बारा वर्षांचे तुम्ही गेलात तेही भुकेपायी. गाईची भूक मी एका नजरेत ओळखली. माझ्या बापाची ओळखता आली नाही. तुम्ही आबांचा शब्द मोडला नाहीत, तुमच्या आईची चूल पेटवलीत. आबांना कळलं असतं, तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

तिला ती जागा कशी सापडली, ते सांगू शकते मी: पुरानं उघडी पडलेली हाडं तिला वासानं कळली. पण दर वेळी ती हाड तुमच्याच उशाशी का टाकायची? ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही. शोधायचं मी आता सोडलंय.

माझी लेक चार वर्षांची झाली. आपली माणसं पूर्वी काय करायची, असं ती एक दिवस विचारेल. आई मला गप्प करायची, तशी मी तिला करणार नाही. तिला ओढ्यावर नेईन, काठावर बसवीन, आणि आईसाठी पीठ आणणाऱ्या एका पोराची गोष्ट मान वर करून सांगेन. हा माझा शब्द.

तुमची,
सुजा