खारट झालंय, काका!

शानथौ

प्रिय आईस,
तुझ्या चिन्येनचा वाकून नमस्कार.

तुला कळवलं नव्हतं, पण तापानंतर माझ्या जिभेची चवच गेली होती. कालवांची पोळी खाल्ली तरी ओला कागद चघळल्यासारखं वाटायचं. आचाऱ्याला चवच कळेना, तर खाणावळीत ठेवणार कोण? पण आमचे मुख्य आचारी त्साइकाका रोज मला काहीतरी चाखायला लावायचे.

आज त्यांनी खाऱ्या पाण्यात उकडून गार केलेल्या माशाचा तुकडा दिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "खारट झालंय, काका!"

स्वयंपाकघरातले सगळे हातातलं काम टाकून माझ्याकडे बघू लागले. काकांच्या हाताला कुणी नावं ठेवत नाही.

काका डोळे पुसत म्हणाले, "ठेव पोरी, अजून नावं ठेव!"

मी पोटभर जेवले. बाबांचा खोकला कसा आहे? माझ्यासारखं लपवू नकोस.

तुझीच,
चिन्येन