चिमीसारखं चुकणारं यंत्र

प्रिय दादा,

तुला नि वहिनीला नमस्कार, चिमीला आत्याचा पापा.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईला एवढंच सांग.

चिमी मोजताना चुकते म्हणून तू तिला ढ म्हणालास, असं वहिनीकडून कळलं. आता ऐक. मुलं मोजायला कशी शिकतात हे समजावं म्हणून मी इथे कॉम्प्युटरमधल्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या यंत्राला, चित्रं दाखवून मोजायला शिकवते. पाच बटणं जवळजवळ असली की ते पाच म्हणतं. तीच लांब लांब मांडली की म्हणतं सात! थेट आपली चिमी.

काल साहेब म्हणाले, "आपलं यंत्र बघायला पाहुणे येताहेत, ही चूक काढून टाका."

मी म्हटलं, "काढली तर मुलांचं काय कळणार? पाहुण्यांना चूकच दाखवू."

"मग पुढच्या वर्षी दुसरी नोकरी बघा."

"बघते," म्हटलं.

घरी माझी खोली अजून रिकामीच आहे ना? सहज विचारलं.

चिमी चुकली की तिला विचार, "कसं मोजलंस गं?" आणि ती काय सांगते ते मला कळव. ज्या चुकीपायी मी नोकरी पणाला लावली, तिच्यावरून माझ्या भाचीला कुणी ढ म्हणायचं नाही. तूसुद्धा नाही.

तुझीच,
हट्टी धाकटी