दवाखान्याचं लयदार बाक

३ नोव्हेंबर १९२७, कर्जत

अखेर दवाखान्याच्या कमिटीला माझी आठवण झाली! दवाखान्याच्या ओसरीवर रोग्यांसाठी बाक हवं, आणि त्याचं रेखाटन मी करायचं. नऊ वर्षं शाळेत पोरांकडून मडकी नि लिंबं काढून घेतोय — मुंबईला चित्रकला शिकलेला माणूस! प्रमाण, समतोल, लय, ऐक्य — चारही तत्त्वं या एका बाकात उतरवीन. महिनाअखेर जिल्ह्याचे बडे साहेब पाहणीला येणार. त्यांना पसंत पडलं तर मुंबईला बदली. बायकोला इतक्यात सांगत नाही.

७ नोव्हेंबर

कमिटीची सभा. साडेतीन तास! बाकाच्या लांबीवर पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ कुणी कुणाशेजारी बसायचं यावर. अध्यक्ष रावसाहेब म्हणाले, "ताप आला म्हणून काय विटाळ सुटतो?" शेवटी मीच तोड काढली — बाकावर चार कठडे, पाच खण. कुणाचा कुणाला धक्का नाही. सगळे खूष! मला जरा कसंसंच झालं. पण समान अंतरावर तेच ते आलं की लय होते, हे पुस्तकातच आहे. ऐक्याचं मागाहून बघू.

८ नोव्हेंबर

भिसेगावात चांगो सुताराकडे गेलो. त्यानं माझा नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. म्हणाला, "मास्तर, आजारी मानूस बसतो कवा? त्यो आडवा पडतो." मी त्याला लय समजावली. "बरं," म्हणाला आणि रंधा मारायला लागला. अडाण्यापुढे डोकं फोडून काय उपयोग!

१९ नोव्हेंबर

बाक आलं. सागवानी, देखणं! पाठीवर मधोमध लाकडी पाटी, तिच्यावर माझं नाव. "कठडे घट्ट आहेत ना रे?" विचारलं. "हालवून बघा की." हालवले. घट्ट.

२३ नोव्हेंबर

चार दिवसांत बाकावर फक्त रावसाहेबांची छत्री बसली. रोगी खालीच बसतात, बाकाला पाठ टेकून!

२८ नोव्हेंबर

साहेब आले. ओसरी त्यांच्यासाठी धुतलेली, सगळी ओली. तेवढ्यात डोंगरावरच्या वाडीतली ठकी नि तिचा भाऊ झोळी घेऊन आले. आत तिचा नवरा शुक्रा, तापानं फणफणलेला. "कुठं निजवू याला?" ठकी ओरडली. सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. पाच खण! एकातही माणूस मावेना. खोटं कशाला लिहू — माझ्या मनात आधी पॉलिशच आलं.

गर्दीतून चांगो पुढे आला. कठडे हातानं एकेक उपसून काढले. चारही! चिकटवायला सरस लावलाच नव्हता, नुसते खाचेत ठोकलेले. शुक्राला बाकावर निजवलं. साहेबांसमोर विटाळाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

"वाहवा! काढता येणारे कठडे! कल्पना कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या मास्तरांची," रावसाहेब म्हणाले.

चांगो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "होय."

२ डिसेंबर

शुक्राचा ताप उतरला. माझ्या बदलीचं साहेबांनी मनावर घेतलंय. बायकोनं शिरा केला. वाटी तशीच ठेवून उठलो. लाज वाटते.

४ डिसेंबर

दवाखान्यात गेलो होतो. माझ्या नावाच्या पाटीवरची धूळ पुसायला हात लावला, तर पाटी हातात आली. तिलाही सरस नव्हता.