फुकट शिकवलेली गाणी

कर्जत,
६ जानेवारी २०२५

प्रिय मुनिरा हिस,

अनेक दुआ. वि. वि.

फोन न करता लिहितोय म्हणजे विषय भांडणाचा आहे, हे तू ओळखलंच असशील. फोनवर माझा आवाज सभेसारखा चढतो आणि तू फोन ओट्यावर ठेवून भाकऱ्या थापायला लागतेस. म्हणून तर अम्मीनं नियम घातला की भावाबहिणीनं भांडायचं ते कागदावर. दुकानातल्या नदीमचा टेंपो खालापूरला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तुझ्याकडे राहून इंग्रजीच्या क्लासला जाणारी माझी लेक फिझा काल दोन दिवसांसाठी घरी आली. कपडे वाळत घालताना इंग्रजीत गुणगुणत होती. अर्थ विचारला तर म्हणाली, मी खिडकीत उभी राहून तुझी वाट बघतेय. कुणाची, म्हणून विचारलं तर हसली आणि म्हणाली, अब्बा, हा अभ्यास आहे!

मुनिरा, मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देण्यात माझी हयात गेली. गाण्यानं माणसाचं काय करता येतं, ते मला कुणी शिकवू नये. लग्नात जेवण कमी पडलं की यजमान आधी माझ्याकडे येतो आणि आवाज वाढवायला सांगतो. इंग्रजीला माझा विरोध नाही. मी स्वतः कोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचतो. पण गाण्यातली बाई करते काय? वाट बघते, विनवते, माफ करते. पगार किती, सुट्टी कधी, असं विचारणारी बाई कुठल्या गाण्यात भेटली तुला? त्या भाषेच्या जोरावर फिझा नोकरी मागणार का?

आणि वर हा गाण्यांचा क्लास फुकट! शिकणारा फी भरत नसेल तर दुसरं कोणीतरी भरतंय. कोण, ते क्लास घेणाऱ्या त्या योगेंद्र सरांना विचारून कळव. तोवर माझ्या जिवाला चैन नाही.

मेहुण्यांना सलाम. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
झहीर


खालापूर,
९ जानेवारी २०२५

ती. भाईजान यांस,

सलाम. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग लक्षात आलं की भाषण माझ्याच विरोधात आहे.

तुमच्या समाधानासाठी क्लासला जाऊन मागे बसले. सर गाणं लावतात. प्रत्येकाच्या हातात त्याच गाण्याचा कागद, पण मधले शब्द गाळलेले. कान देऊन ते भरायचे. मग गाणं बंद. तीच ओळ चाल न लावता, एसटीच्या कंडक्टरशी बोलावं तशी म्हणायची. मग ती उद्याची करायची, कालची करायची, माझ्याऐवजी तिची करायची. ठाकूरवाडीची गोदा शाळेत कधी तोंड उघडत नव्हती, ती इथे सगळ्यांत मोठ्यानं गाते. मी विचारलं तर म्हणाली, गाण्यात चुकलं तर कोन हसत नाय. तुमची फिझाही शब्द गिळायची ती आता मान वर करून बोलते. पंचवीस तारखेला पळसदरीच्या एका रिसॉर्टवर या मुलींची मुलाखत आहे. फिझाला रिसेप्शनवर बसायचंय, हे तुम्हाला सांगायला ती घाबरते.

फीचं विचारलं. सर म्हणाले, हॉल त्याच रिसॉर्टच्या मालकांनी दिलाय, समाजसेवा म्हणून. आता यातही तुम्हाला काळंबेरं दिसणार, ठाऊक आहे. तुम्हाला तर ईदच्या चंद्रावरही संशय येतो.

वहिनींना सलाम. लहान बहिणीवर लोभ राहू द्या.

तुमची,
मुनिरा


कर्जत,
१६ जानेवारी २०२५

प्रिय मुनिरा हिस,

दुआ. वि. वि.

फी भरणारा सापडला.

आज दुकानात पळसदरीहून फोन आला. त्याच रिसॉर्टचा मॅनेजर. शनिवारी, पंचवीस तारखेला, स्पीकरची जोडी आणि एक माइक हवाय. कार्यक्रम कसला, विचारलं. माणूस खुशीत होता. म्हणाला, पाहुणे तलावाकाठी जेवतात, तेव्हा गावातल्या पोरी इंग्रजी गाणी म्हणतील, मुंबईच्या लोकांना फार आवडतं. कुठल्या पोरी? आमच्या खालापूरच्या क्लासमधल्या. त्यांना काय देणार? काही नाही, त्यांची प्रॅक्टिस होते ना!

ही तुझी मुलाखत! हॉल यासाठी, गाणी यासाठी. पोरींना भाषा शिकवत नाहीत, पाहुण्यांच्या ताटाशेजारी वाजवायला तयार करतायत. मी सभांमधून ओरडत आलो की आमच्या माणसांना शोभेसाठी उभं करू नका, आणि हे माझ्याच घरात घुसले!

ऑर्डर मी घेतलीय. सामान घेऊन स्वतः जाणार. फिझाला यातलं सांगू नकोस, ती काय करते ते मला डोळ्यांनी बघायचंय. रविवारी तिनं सामानासकट घरी यायचं. हा निर्णय झाला.

दुआ करत राहा. मीही करतोच, रागात असलो तरी.

झहीर


खालापूर,
२० जानेवारी २०२५

ती. भाईजान यांस,

सलाम. वि. वि.

तुमचा संशय मलाही लागला, म्हणून सरळ सरांना गाठलं. त्यांनी आधी हॉलचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, आधी गाणी, मग जमलं तर मुलाखत. नाही म्हटलं तर हॉल जाईल. माणूस लबाड नाही वाटला, भित्रा वाटला. पण पोरींपासून लपवलं ते लपवलंच.

मी सगळं पोरींना सांगितलं, तुम्ही येणार एवढं सोडून. वाटलं होतं, फिझा जाणार नाही म्हणेल. ती उठली. मग गोदाला घेऊन मागच्या अंगणात गेली. आल्यावर म्हणाली, फुफी, आम्ही जाणार. काय शिजतंय ते मला सांगत नाहीत.

भाईजान, तिथे जाल तेव्हा एक करा. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका.

या वेडीवर पूर्वीसारखीच माया असू द्या.

मुनिरा


खालापूर,
२७ जानेवारी २०२५

ती. अब्बा यांस,

सलाम. वि. वि.

रविवारी ये म्हणालात, मी आले नाही. फुफी म्हणाली, घराचा नियम आहे, भांडण कागदावर कर. म्हणून लिहितेय.

परवा शनिवारी मी माइकसमोर गेले आणि खिडकीच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. तेवढ्यात आवाज गेला. मला वाटलं लाइट गेली, पण तलावाकाठचे दिवे तर चालू होते. मग तुम्ही दिसलात, मशीनमागे, बटणावर हात ठेवून. माझ्याकडे न बघता तुम्ही टेंपोकडे निघून गेलात. त्यामुळे पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

ती ओळ गाण्यासाठी म्हटलीच नव्हती, अब्बा. सगळे जेवत होते. चाल ऐकल्याशिवाय कुणी मान वर करणार नव्हतं. मला त्यापुढे बोलायचं होतं. ते मी माइकशिवाय बोलले. आम्हाला मुलाखतीला बोलावलंय, आम्ही जेवणात गाणार नाही. ज्यांना माणसं हवीत त्यांनी आम्हाला प्रश्न विचारावेत, आणि आम्हीही विचारू, ड्यूटी कधी सुटते आणि पगार किती. सगळं इंग्रजीत. आवाज तुमचाच आहे, पलीकडच्या टेबलांपर्यंत गेला. काही जण हसले. एका म्हाताऱ्या बाईंनी ताट बाजूला ठेवून ऐकलं. मॅनेजर गाण्यासाठी मागे लागला तेव्हा गोदा पुढे झाली आणि नाही म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली.

हे नाही म्हणणं आम्ही गाण्यातच शिकलो. त्यात एक मुलगी अर्ध्या रस्त्यात गाडीतून उतरते आणि म्हणते, इथून पुढे मी चालत जाईन. ती ओळ आम्ही कितीतरी दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणत होतो. तुम्ही फुफीला विचारलंत, गाण्यात असली बाई कुठे असते. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रिसॉर्टवरचा तुमचा संशय खरा निघाला. सरांवरचा अर्धा खरा. माझ्यावरचा खोटा. लोकांना बोलू द्या म्हणून तुम्ही गावोगाव ओरडता, आणि स्वतःच्या मुलीची एक ओळ पुरी होऊ दिली नाहीत.

नोकरी अर्थात मिळाली नाही. काल हॉलला नवं कुलूप दिसलं. सरांनी सगळ्यांसमोर आमची माफी मागितली.

तुम्ही घरी बोलावलंय, तर शुक्रवारी नमाजनंतर येते. गोदा आणि बाकीच्या सगळ्या माझ्याबरोबर येतील, सरही येतील. तेव्हा दुकानामागच्या गोदामातले बांबू आणि ताडपत्र्या हलवून जागा झाडून ठेवा. क्लास आता तिथे भरेल. फी प्रत्येकीनं जमेल तेवढी द्यायची असं ठरलंय, म्हणजे कोण भरतंय हे कुणाला विचारावं लागणार नाही.

दारात उभं राहून पहारा करायचा नाही. संशय असेल तर आत येऊन बसा, कागद घ्या आणि आमच्यासारखे गाळलेले शब्द भरा. चुकलात तरी तिथे कुणाचा आवाज बंद करत नाहीत.

अम्मीला सलाम. भांडले तरी तुमचीच आहे, हे विसरू नका.

फिझा