मार्थाची माती

रवि., ९ फेब्रु.
उपासना नऊला, म्हणजे साडेनऊला. हजेरी ४३. आज पाळकांची पाळी नव्हती, ते शहरातून महिन्यात दोनदाच येतात. म्हणून वचन शिलासनं दिलं. चाळीस मिनिटं. ह्या माणसाला पंच केलं तेव्हाच हातात घड्याळ पण द्यायला हवं होतं.
शेवटी सूचना मी वाचल्या. मंडळीची चिटणीस झाल्यापासून ते माझंच काम. सलोमी बाळंत झाली, मुलगी, दोघी बऱ्या. योहानचा मुलगा दहावीला, प्रार्थना करावी. आणि मोठी बातमी सगळ्यात शेवटी ठेवली होती: मार्थाची रूथ गावची सरपंच म्हणून निवडून आली. टाळ्या काय, विचारू नका. मार्थाला गुडघ्यांमुळं उठवेना, पहिल्या बाकावर बसूनच तिनं हात जोडले. लहानपणापासूनची माझी मैत्रीण. ती शाळेत गेली नाही, मी शाळेतली बाई झाले, पण रविवारी बाक एकच.
घरी येऊन तीच सूचना मंडळीच्या ग्रुपवर टाकली. छान सजवून लिहिली: ‘याच देवळात बाप्तिस्मा झालेली आपली रूथ (रेखा)...’ खाली बाप्तिस्म्याचा जुना फोटो. पाळकांच्या हातात बाळ, शेजारी तरणीताठी मार्था. लई गोड आलाय.

मंगळ., ११ फेब्रु.
शिलास सकाळी सातलाच दारात. चहा नको म्हणाला. मोबाईल पुढं धरला. माझीच सूचना, माझाच फोटो, पण ग्रुप हरलेल्या पार्टीचा. कुणी पाठवला देव जाणे.
“बाई, रेखाची जागा राखीव हाय. जातीच्या दाखल्यावर ती हिंदू हाय, ख्रिस्ती निघाली तर दाखलाच जातो. तुमी हे काय लिवलं?”
 मला माहीत नव्हतं म्हणावं तर माझी स्वतःची नोकरी तसल्याच दाखल्यावर. शाळेत विमल, देवळात नओमी. आमच्यात प्रत्येकाला दोन नावं. दोन्ही एका कागदावर आणायची नाहीत, हे पोरांना बोलायला लागल्यापासून कळतं. आणि मी चौतीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, आनंदाच्या भरात फोटोसकट सगळ्या जगाला दाखवून बसले.
डिलीट केलं. शिलास म्हणाला, आता काय उपेग.

रवि., २३ फेब्रु.
हजेरी १९. रेखा नाही. पाळक आले होते, सूचना बंद ठेवा म्हणाले. समोर लिंबाखाली हरलेल्या पार्टीचा एक जण गाडीवर बसून होता, मोबाईल देवळाच्या दाराकडं धरून. बाया तोंडावर पदर ओढून बाहेर पडल्या. मी तशीच गेले. माझं तोंड झाकून आता काय राहिलंय.

शनि., ८ मार्च
तक्रार झालीच. रेखाला जात पडताळणी समितीची नोटीस आली. दाखला खोटा ठरला तर सरपंचपद जाणार, वर केस. आणि एकीचा गेला की बाकीच्यांचे किती दिवस टिकणार, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.
शिलासकडं बैठक. पाळक मुद्दाम आले. ठरलं ते असं: रेखानं देवळात यायचं नाही. टिकली लावायची, सण करायचे, चौकशीवाले घरी येतील तेव्हा भिंतीवर देव दिसले पाहिजेत. मी एकदाच तोंड उघडलं. बाप्तिस्म्याचं पुस्तक माझ्या ट्रंकेत आहे, त्याचं काय करू?  मग पाळक छताकडं बघत म्हणाले, देवळात वाळवी फार झाली आहे.
मी म्हटलं, वाळवी देवळात आहे, माझ्या ट्रंकेत नाही.

गुरु., १३ मार्च
होळी रेखानं पेटवली. सरपंच ना. नारळ, पोळीचा नैवेद्य, गावासोबत फोटो. चांगली दिसत होती, आणि हे लिहितानाही कसंतरीच वाटतंय.
मार्थाचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी घरी आली, मोरीत जाऊन तोंड धुतलं न् माझ्या पायाशी बसली, मी काय बोलले न्हाय.

रवि., २३ मार्च
हजेरी १७. उपासनेनंतर मार्थाकडं. ती आता अंथरुणावरच आहे. पायाला सूज, चार शब्द बोलली की दम लागतो. भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. क्रूस कुठं म्हणून विचारलं तर पिठाच्या डब्याकडं बोट केलं आणि हसली. तिला अजून हसायला येतं.
मी माफी मागितली. इतके दिवस तोंड नव्हतं. म्हटलं, मार्था, हे सगळं माझ्यामुळं झालं.
“तू काय वाईट केलंस? माझ्या लेकीचं नाव घेतलंस की.”
मी तिथंच रडले. ती माझा हात थोपटत राहिली, आजारी मी असल्यासारखी. मग म्हणाली, मला आपल्या मातीत ठेवा, ह्यांच्या शेजारी. गाणं तू म्हण. शिलासला म्हणू देऊ नगंस, त्यो लांबवतो.
हो म्हणाले. कुठल्या तोंडानं हो म्हणाले कुणास ठाऊक.

बुध., २ एप्रिल
चौकशीचे दोघं आले. घरोघर गेले. लग्न कोण लावतं, बारसं कसं करता, मयताला पुरता का जाळता, विधीला कोण येतं. सगळं लिहून घेत होते. वस्तीतली माणसं परीक्षेला बसल्यासारखी पाठ केलेलं बोलत होती.
माझ्याकडं शेवटी आले. विचारलं, बाई, तुम्ही मंडळीच्या चिटणीस ना, रजिस्टर कुणाकडं असतं? मी म्हटलं, पूर्वीच्या पाळकांकडं असेल, मला कल्पना नाही. ट्रंकेवर गादी टाकली होती आणि मोठे साहेब त्या गादीवरच बसले होते. चहा दिला. दोघांनी चांगला झाला म्हणून सांगितलं.
सरकारी माणसाशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, असं लिहिणार होते. पण नोकरीचा अर्ज आठवला.

बुध., ९ एप्रिल
मार्थाला अकलूजला दवाखान्यात नेलं होतं. आज परत आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या आता. केसपेपरवर नाव शांताबाई. नर्स शांताबाई शांताबाई म्हणून हाका मारत होती आणि ही ओ देत नव्हती. नर्सला वाटलं शुद्ध गेली. मी कानाशी वाकून मार्था म्हटलं, तर डोळे उघडले.
रेखा बाजूलाच उभी होती. तिनं ऐकलं. सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिली.

मंगळ., १५ एप्रिल
मार्था गेली. सकाळी सव्वाआठला. मी पोचले तेव्हा रेखा तिचे केस विंचरत होती.
नऊ वाजेपर्यंत शिलास, भावकी, सगळे जमले. अंगणात हळू आवाजात बोलणी. चौकशीचा अहवाल अजून वर गेलेला नाही. गावाचं लक्ष आज इकडंच. आपल्या दफनभूमीत खड्डा खणला तर संध्याकाळपर्यंत फोटो समितीकडं. तेव्हा गावच्या स्मशानात न्यायची, अग्नी द्यायचा. पाळकांना फोन केला होता, ते म्हणाले परिस्थिती बघून निर्णय घ्या, मी प्रार्थनेत आहे. प्रार्थनेत राहायला काय जातंय.
मी सांगितलं, तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय. नवऱ्याशेजारी ठेवायचं. कुणी वर बघेना. शिलासचे डोळे लाल होते, त्याला दोष देत नाही. मग रेखा दारात आली. आवाज अगदी साधा.
“बाई, तुमी नका येऊ.”
आमच्यात मातीला बाया जातात, माती टाकतात, गातात. हिंदूंच्यात इकडं बाया स्मशानात जात नाहीत. म्हणजे आज आमच्यातल्या कुणीच बाया जायच्या नाहीत, हे तिनं आधीच ठरवलं होतं. बरोबरच होतं तिचं. माझ्या जिवाला ते लागलं ती गोष्ट वेगळी.
दुपारी चारला नेली. तोंडात तुळशीचं पान, पुढं मडकं धरलेला पुतण्या. मी कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून परत फिरले. घरात दार लावून गाणं म्हणायला बसले. दुसऱ्या कडव्याच्या पुढं गेले नाही. खिडकीतून ओढ्याकडचा धूर दिसत होता, म्हणून खिडकी पण लावली.

शुक्र., १८ एप्रिल
उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दु. १२ ते ३. हजेरी १६. पत्रा तापलेला, पंखा एकच. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, तिसरा कित्येक वर्षं माझा. क्रुसावरून तो आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो तो. चार पानं लिहून नेली होती.
उभी राहिले आणि अक्षर दिसेना. कागद घडी केला. म्हटलं, एक सूचना आहे. शिलास उठला, बाई, सूचना बंद हायत. मी थांबले नाही. आपल्या मंडळीतली मार्था मंगळवारी सकाळी प्रभूत झोपी गेली, तिची माती माझ्या चुकीमुळं तिच्या मनासारखी झाली नाही, मला क्षमा करा. एवढंच बोलले.
सलोमी तान्ही घेऊन उठून बाहेर गेली. घाबरली असेल. बाकीच्या बाया पदरात तोंड घालून रडल्या, तीन दिवस अडवलेलं रडणं. शिलासनं पुढचा उद्गार घेतला. पाच मिनिटांत संपवला.

रवि., २० एप्रिल
पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. दरवर्षी पहाटे दफनभूमीत मेणबत्त्या लावून उपासना असते. यंदा रद्द, पाळकांचा निरोप.
दुपारी मयतीचं पुस्तक काढलं. नाव, वय, तारीख लिहिली. पुढचे रकाने: दफन कुठं, विधी कुणी केला. पेन तसंच धरून बसले आणि शेवटी झाकण लावलं.

शुक्र., २५ एप्रिल
मला पण कागद आला. मंगळवारी सोलापूरला, समितीपुढं, मंडळीची चिटणीस म्हणून. बाप्तिस्म्याचं पुस्तक घेऊन. कुणीतरी सांगितलंय माझ्याकडं आहे ते.
दुपारी रेखा आली. अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच. खुर्ची दिली तर खालीच बसली. पाणी प्यायली. आधी वस्तीच्या नळाचं बोलली. पाईपलाईन अर्धी आलीय, शाळेपर्यंत. आजवरच्या एकाही सरपंचाला आमच्या वस्तीपर्यंत पाणी आणायची बुद्धी झाली नव्हती. ती गेली तर पाईप शाळेपाशीच राहणार, हे मलाही कळतं.
मग रिकामा पेला खाली ठेवला.
“आईला मी तशी नेली. आता तुमी तितं खरं बोललात तर ती उगंच जळाली.”
  खोटं बोला असं ती एकदाही म्हणाली नाही. उठताना पाया पडली. आमच्यात पाया पडत नाहीत, सलाम करतात. दोन महिन्यांत सवय लागली असेल पोरीला.

सोम., २८ एप्रिल
शिलास येऊन गेला. पुस्तक वाळवीनं खाल्लं म्हणा, मी साक्ष द्यायला येतो म्हणाला. जाताना चुलीकडं बोट दाखवून गेला. मी चूल पेटवली आणि तिच्यावर भात केला.

मंगळ., २९ एप्रिल
सोलापूर. सकाळची एस.टी., सात रस्ता चौकापासून चालत. साडेदहापासून बाहेरच्या बाकावर. आमचा नंबर दुपारनंतर. लिहायला दुसरी जागा नाही, म्हणून इथंच लिहितेय.
हरलेल्या पार्टीचे सहा जण आलेत. त्यातले दोन माझेच विद्यार्थी, नमस्कार बाई म्हणाले, एकानं पंख्याखालची जागा दिली. चांगलं वळण लावलं म्हणायचं.
पुस्तक पिशवीत आहे, पेपरात गुंडाळून. हो, खरं आहे म्हटलं तर रेखा जाते, नळ जातो, मग एकेक करत वस्ती जाते, त्यात मी पण. खोटं आहे म्हटलं तर घरी जाऊन सगळे सुटल्यासारखे जेवतील. हिशोब सरळ आहे. येताना गाडीत ठरवलं पण होतं.
मघाशी मात्र पान उघडलं, नीट बघून घ्यावं म्हणून. रेखाच्या नावापुढं आईची सही आहे. मार्था. थ सगळ्यात मोठा, काना ओळीच्या बाहेर. ह्या एका सहीसाठी मी तिला दोन महिने पाटीवर गिरवायला लावलं होतं. सरकारी कागदांवर शांताबाईचा नेहमी अंगठाच. स्वतःच्या हातानं तिनं स्वतःचं नाव आयुष्यात एवढं एकदाच लिहिलं. पुस्तक खोटं म्हणायचं म्हणजे हे पण खोटं म्हणायचं.
रेखा समोरच्या बाकावरून उठून शेजारी आली. वाकून बघितलं. तिनं ही सही कधी बघितली नव्हती. बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं.
“मिटा बाई,” म्हणाली.
मिटलं. काय सांगणार, असं तिनं विचारलं नाही. शिपाई दारात येऊन नावं पुकारतोय, आधी तिचं, मग माझं. पुस्तक माझ्या मांडीवर आहे आणि तिचा हात अजून त्याच्यावर.