आवश्यक तेवढंच बळ

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (या वेळी सात अंगांनीच; आठवं, म्हणजे उजवा हात, प्लास्टरमध्ये आहे.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा रक्तदाब काय म्हणतो? हे पत्र वाचून तो वाढेल, म्हणून आधी गोळी घ्या आणि मग पुढचं वाचा. आम्ही सगळे ठीक आहोत. हात मोडल्याचं ऐकून हिने पहिला प्रश्न विचारला, की आता पाण्याचं पिंप कोण भरणार. यावरून घरात सगळं नेहमीसारखं आहे हे तुमच्या लक्षात येईल.

हात कसा मोडला ते ठाण्यातलं कोणीतरी तिखटमीठ लावून तुम्हाला कळवणारच, म्हणून मीच कळवतो. तुम्ही जमादार होतात तेव्हा ताब्यातल्या माणसासाठी एकच नियम होता. तो तुमच्या हातात असायचा आणि त्याला तेल पाजलेलं असायचं. आता तसं राहिलं नाही. आमचा तीन दिवसांचा वर्ग घेतला. भिंतीवर माणसाचं चित्र, त्यात तांबडे, पिवळे आणि हिरवे भाग; तांबड्यावर काठी वर्ज्य, हिरव्यावर चालेल. डोकं तांबडं, मान तांबडी, पाठीचा कणा तांबडा. हिरवं म्हणून जे उरतं, ते पळणाऱ्या माणसाचं नेमकं सगळ्यात जास्त हलत असतं. नियम असा, की माणूस पळू नये एवढ्यापुरतंच त्याला आवरायचं, त्याहून बोटभरही जास्त नाही. आधी शब्द, मग हात, अगदीच नाइलाज झाला तर काठी. आणि गुन्हा तितका गंभीर नसेल तर माणूस हातचा गेला तरी बेहत्तर, पण त्याचा जीव जाता कामा नये. (इथे तुम्ही चष्मा काढून मामींकडे बघाल, ठाऊक आहे. पण हे छापील आहे.) वर्गात मी पहिला आलो. पाठांतरात मी कधीच मागे नव्हतो. मागे पडतो तो पळण्यात.

मंगळवारी अर्जवाल्यांना कोर्टात न्यायचं होतं. अर्जवाले म्हणजे कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारे गृहस्थ. वय अठ्ठावन्न, अंगाने काडी, अक्षर मोत्यासारखं. खोटे दाखले लिहिल्याचा आरोप आहे. साहेबांनी बेड्या घालायची परवानगी मागितली. न्यायाधीशबाईंनी अर्जवाल्यांकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि परवानगी नाकारली. (माझ्या पोटाचा संबंध काय, ते अजून कळलेलं नाही.) मग राहिलं काय, तर हात धरणं. म्हणून मी त्यांचा हात धरून दिवसभर कोर्टात हिंडलो. डावा हात धरा, उजव्यावर माझं पोट आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तासाभराने तळव्यांना घाम सुटला तेव्हा त्यांनी स्वतःच्या रुमालाने दोघांचे हात पुसले आणि आपणहून हात पुन्हा माझ्या हातात दिला. एका शिपायाने मला विचारलं, वडिलांना दिसत नाही का. आता त्याला काय सांगणार?

घोळ झाला तो सहीपाशी. परत निघताना कारकुनाने नोंदवही पुढे सरकवली. मी सही करतो उजव्या हाताने, आणि उजव्या हातात अर्जवाले. मी त्यांना म्हणालो, जरा थांबा हं, आणि हात सोडला. सही पूर्ण होते न होते तोच ते बोळाच्या टोकाला. मी मागे धावलो. काठी कमरेला होती, पण धावता धावता ते चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. डोकं नाही, मान नाही, पाठ नाही. आरोप दाखल्यांचा, म्हणजे गंभीर नाही. शब्द झाला का, तर नाही. एवढा हिशेब होईपर्यंत मागचा जिना आला. तिथे मी नियमाप्रमाणे इशारा दिला, त्यांना गाठलं, खांद्याला धरलं, आवश्यक तेवढंच बळ वापरलं, आणि त्या झटापटीत मनगट मोडलं. पण माणूस सुटू दिला नाही. तुमच्या भाच्याने घराण्याचं नाव राखलं, मामा.

आता येत्या गुरुवारी माझी चौकशी आहे. हात का सोडला, तर सहीसाठी, हे तिथे चालणार नाही. हवालदारीची फीत, जी लावताना बघायला तुम्ही येणार होतात, ती तर जाईलच. कदाचित नोकरीवरही गदा येईल. साहेबांनी खोलीत बोलावून दार लावलं आणि म्हणाले, "निवेदनात एकच ओळ घाल. आरोपीने ढकललं म्हणून हात मोडला. तू सुटलास." मी सुटेन, खरं आहे. पण त्या ओळीने अर्जवाल्यांवर पोलिसावर हात उचलल्याचं कलम लागेल, जामीन हातचा जाईल आणि म्हातारा काही वर्षं आत बसेल. दोन दिवस अन्न गोड लागत नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, हे विचारत नाही. ते मला माहीत आहे.

मामींना नमस्कार सांगा. प्रकृतीला जपा.

तुमचा, काठी न उगारलेला,
भाचा

ता. क. लिहिणाऱ्याने सही झाल्यावर कलम खाली ठेवलं; खरं सांगतो म्हणालो तेव्हा पुन्हा उचललं. माझा हात मोडलेला, म्हणून मी सांगतो आहे आणि लिहिताहेत अर्जवाले, गजांच्या पलीकडे बसून. ते म्हणतात, "खोटं लिहिल्याचा आरोप माझ्यावर आहे खरा, पण ते पोटासाठी होतं. फुकट खोटं लिहायची मला सवय नाही." तेव्हा मामा, आता मी खरं सांगतो. मी त्यांना गाठलं नाही. मी जिन्यात घसरून पडलो. ते फाटकापर्यंत पोचले होते. तिथून परत आले, मला उठवलं, माझी टोपी शोधली, दवाखान्यात नेलं, तिथला फॉर्म भरला, आणि संध्याकाळी मला ठाण्यात आणून पोचवलं. लेखी निवेदन मी आज सकाळीच दिलं. 'वापरलेले बळ' या रकान्यात डाव्या हाताने लिहिलं, काही नाही. आरोपी आपण होऊन परत आला. ती एक ओळ घातली नाही. निवेदनात खरं लिहायला भीती वाटली नाही, मामा. तुम्हाला सांगायची लाज वाटली.

आणखी ता. क. मूळ काम राहिलंच. अर्जवाल्यांना जामीन मंजूर झाला आहे, पण जामीन राहायला स्वतःचं घर आणि स्वच्छ नाव असलेला माणूस हवा. आपल्या नात्यात असे तुम्ही एकटेच. बुधवारी याल का? (काठी घरीच ठेवा.)

शेवटचा ता. क. मामासाहेब, हे मी माझ्या मनाने लिहितो आहे. भाचेसाहेब चहा सांगायला गेलेत. जाताना कोठडीला कुलूप लावायला विसरलेत, ते आले की आठवण करतो. पळालो ते का, मलाही नीट सांगता येत नाही. बारा वर्षं त्या फाटकाबाहेर बसलो, ते दिसलं आणि पाय कामावर निघाले. पण जिन्यात त्यांनी जो इशारा दिला म्हणतात, तो 'थांबा' असा नव्हता. मागून ओरडले, "अहो, पायऱ्या ओल्या आहेत, जपून." मी कठडा धरून उतरलो. त्यांनी धरला नाही. फाटकापाशी गेलो, पण पुढे पाऊल टाकवेना.