ज्युरीच्या खुर्च्या

सोमवार, ८ जुलै
आले एकदाची मेरिंडाला! सिडनी सुटली, सुटलेच. कोर्ट टुमदार, हीटर चालू, स्वागताला गरम मीट पाय, म्हणजे इथला खिमा भरलेला कानवला. माझं काम सोपं: ‘उठा’ म्हणायचं, साक्षीदाराला शपथ द्यायची, संध्याकाळी कुलूप लावायचं. ऑफिसातली ग्लेनिस म्हणाली, तुझी मजा आहे बये, या खटल्याला ज्युरीच नाही, बारा जणांचा चहा वाचला. आरोपी मर्विन टेट, वसतिगृहाचे जुने रेक्टर. लहानपणी त्यांनी आपल्यावर अत्याचार केले, असं डार्सी हॅलोरन आता साठीला टेकल्यावर सांगतोय. टेटना सगळं गाव ओळखतं, म्हणून त्यांच्याच वकिलाने अर्ज करून ज्युरी टाळली. निकाल न्यायाधीश एकटेच देणार. ज्युरीच्या खुर्च्यांवर आम्ही कोट टाकतो.

मंगळवार, ९ जुलै
डार्सीची साक्ष. मेंढ्यांची लोकर कातरून राठ झालेले हात, पण कठडा सोडवत नव्हता. टेटच्या वकिलाने विचारलं, त्या खोलीच्या भिंतींचा रंग कोणता? डार्सी म्हणाला, साहेब, मी डोळे मिटून घ्यायचो. वकिलाने समाधानाने टिपून घेतलं: रंग आठवत नाही.
दुपारी आमचे कोट खाली पडलेले. ज्युरीच्या एका खुर्चीत शाळकरी मुलगा, अर्ध्या चड्डीतला. वर्गात करतात तसा हात वर. हटकायला गेले तर कोणी नाही. ग्लेनिसने विचारलं, कालचा मीट पाय शिळा होता का गं?

बुधवार, १० जुलै
आज खुर्च्यांत बरीच मुलं. सगळ्यांचे हात वर.
वकील म्हणाला, आणखी मुलं होती ना, आणा की त्यांना. डार्सीने नावं घेतली. लॅची, नदीत. नेव्हिल, दोर घेऊन गोठ्यात. धाकटा पॅडी तर वसतिगृहातच, तापाने. एकेका नावाला एकेक खुर्ची ताठ होत होती. मी एकटीच बघत होते.

शुक्रवार, १२ जुलै
निकाल. ज्युरीला द्यायची ताकीद न्यायाधीश साहेबांनी स्वतःलाच दिली: फार वर्षं लोटली आहेत, जपून. आणि मान डोलावली, ऐकल्यासारखी. मग म्हणाले, डार्सी खोटं बोलत नाही. पण दुजोरा द्यायला कोणी हयात नाही. संशयाचा फायदा. निर्दोष.
हात वरच होते. साहेबांनी तिकडे एकदाही—
डार्सी जागचा हलेना. मला म्हणाला, बाई, मी खोटं बोलत नाही म्हणाले ना ते? मग? मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. दुसरं काय देणार—

संध्याकाळ
कुलूप लावायला आले. ते गेलेले नाहीत. वर केलेले हात अजून खाली घेत नाहीत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं शिकवलंय त्यांना— पळायला हवं. पण शपथ द्यायचं काम माझंच—
विचारलं. बोल, बाळा.
सगळे हात एकदम खाली. धाकटा पॅडी उभा राहिला. म्हणतो, बाई, मी सांगितलं होतं. तेव्हाच. आईला. आई म्हणाली, खोटं बोलू नकोस.